प्लेट रीडरचे आकडे दोन लॅबमध्ये जुळत नाहीत: कुठून तपासायला लागावे

प्लेट रीडर म्हणजे प्लेटमधल्या छोट्या खाचांतल्या, म्हणजे वेलमधल्या, नमुन्यांचा उजेड मोजणारे यंत्र. एकच नमुना दोन लॅबनी मोजला की तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. "प्लास्मिड तेच, स्ट्रेन तोच, मीडियम तेच. आमच्या रीडरवर बारा हजार येतात, त्यांच्याकडे साडेतीनशे. आमचा क्लोन बिघडलाय का?" मग दोन्हीकडे प्लास्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, जीवाणूत नव्याने घातले जाते (ट्रान्सफॉर्मेशन), नवी कॉलनी उचलली जाते, सिक्वेन्सिंगवर पैसे जातात, आणि एवढे करूनही आकडे पुन्हा तितक्याच अंतरावर उभे असतात.

माझा आग्रह असा की जीवाणूकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी फाइल उघडा. बहुतेक वेळा कारण फाइलमध्ये सापडते, नाहीतर फाइलमध्ये जे लिहायचे राहून गेले त्यात सापडते. सिंथेटिक बायोलॉजीतल्या डेटाच्या मानकांचा विषय निघाला की चर्चा लगेच फाइल फॉरमॅटवर जाते. फॉरमॅट महत्त्वाचा आहेच, पण ज्या आकड्याला एकक नाही तो कितीही देखण्या फॉरमॅटमध्ये ठेवला तरी पलीकडच्या माणसाच्या उपयोगाचा होत नाही. म्हणून खालचा क्रम बेंचपासून सुरू होतो आणि फाइलपर्यंत जातो. उदाहरण ई. कोलाय या जीवाणूमधल्या जीएफपीचे, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे, घेतले आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

बारा हजार म्हणजे बारा हजार काय?

प्लेट रीडर फ्लुओरेसन्सचा, म्हणजे चमकेचा, जो आकडा देतो तो त्या यंत्रापुरता असतो. डिटेक्टरपर्यंत पोचलेला प्रकाश किती पट वाढवून दाखवायचा हे गेन ठरवतो. गेन ८०वरून १०० केला तर आकडा सव्वापट होत नाही. फोटोमल्टिप्लायरचे व्होल्टेज थोडे वाढवले तरी सिग्नल कितीतरी पट वाढू शकतो. त्याशिवाय दिव्याचे वय, फिल्टरची रुंदी, प्रकाश प्लेटच्या वरून घेतला की खालून, वेलमध्ये किती मायक्रोलिटर होते, प्लेट काळी होती की पारदर्शक, या प्रत्येकाने आकडा हलतो. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन यंत्रे एकाच गेनवर ठेवली तरी तोच आकडा येईल याची खात्री नाही. मेट्रिक मापे येण्याआधी शेर गावोगावी वेगळा असायचा, तशी आज प्रत्येक लॅबची स्थिती आहे.

ऑटो गेन चालू असेल तर प्रकरण आणखी वाईट. त्यात यंत्र प्लेटवरची सर्वांत उजळ वेल पाहून स्वतःच गेन निवडते. म्हणजे तुमच्याच लॅबमधली सोमवारची प्लेट मंगळवारच्या प्लेटशी जुळणार नाही, मग दुसऱ्या गावातली कशी जुळेल?

त्यामुळे पहिली तपासणी अशी: रीडरमधून निघालेल्या मूळ फाइलच्या वरच्या ओळी वाचा. गेन, एक्सायटेशन आणि एमिशनची (टाकलेल्या आणि मोजलेल्या प्रकाशाची) तरंगलांबी, बँडविड्थ, वरून की खालून, तापमान, शेकिंग, सगळे तिथे असते. दुर्दैवाने ग्राफ काढताना त्रास होतो म्हणून याच ओळी सर्वांत आधी उडवल्या जातात. समोरच्या लॅबने फक्त आकड्यांचा चौकोन पाठवला असेल तर पुढची एकही चर्चा करू नका, मूळ एक्सपोर्ट मागवा. दोन्हीकडचे गेन वेगवेगळे निघाले तर बारा हजार आणि साडेतीनशे यांत विरोध आहे असे म्हणायला काही आधारच उरत नाही. ते दोन वेगळ्या मापांतले आकडे आहेत.

"पण आम्ही ओडीने भागतो" असे उत्तर येते. ओडी म्हणजे कल्चर, म्हणजे वाढवलेल्या जीवाणूंचे द्रव, किती गढूळ आहे याचे माप. त्यावरून पेशी किती याचा अंदाज घेतात. पण ओडीने भागून उपयोग होत नाही, कारण ओडीही यंत्रापुरतीच असते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

फ्लुओरेसीनची मालिका

यावरचा एक जुना उपाय म्हणजे संदर्भ प्रमोटर. प्रमोटर म्हणजे जनुक किती जोरात चालेल हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. २००९ साली जे२३१०१ हा प्रमोटर मापाची खूण म्हणून सुचवला गेला. तुमचा प्रमोटर त्याच्या किती पट आहे एवढेच सांगायचे. त्या कामात परिस्थिती आणि यंत्र बदलल्यामुळे येणारा फरक साधारण निम्म्यावर आला. ही मोठीच सुधारणा होती, पण उरलेला निम्मा फरक राहिलाच, कारण संदर्भही शेवटी एक जिवंत कल्चर आहे आणि ते स्वतः मीडियम, तापमान, वाढीची अवस्था यांप्रमाणे बदलते.

आयजेम या विद्यार्थी स्पर्धेने २०१४पासून जगभरच्या संघांकडून एकच मोजमाप करून घ्यायला सुरुवात केली. पुण्याच्या आयसरचे संघही या स्पर्धेत उतरलेले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांना हे प्रोटोकॉल ओळखीचे असतील. त्या अभ्यासांतून कामाची गोष्ट निघाली ती अशी की मापाची खूण जीवाणूबाहेरची हवी. फ्लुओरेसन्ससाठी फ्लुओरेसीन हा रंग, आणि पेशींच्या संख्येसाठी सिलिकाचे बीड्स. ही दोन्ही साधी, तुलनेने स्वस्त आणि कुठल्याही रीडरवर वाचता येणारी द्रव्ये आहेत. मग उत्तर "पेशीमागे फ्लुओरेसीनचे इतके रेणू" असे येते. याला एमईएफएल प्रति पेशी म्हणतात: तितकाच उजेड द्यायला फ्लुओरेसीनचे किती रेणू लागले असते.

कृती थोडक्यात. पीबीएस या खारट बफरमध्ये १० मायक्रोमोलर फ्लुओरेसीन. पहिल्या कॉलममध्ये २०० मायक्रोलिटर, बाकीच्यांत १०० मायक्रोलिटर पीबीएस. दर वेळी १०० मायक्रोलिटर पुढे न्यायचे, अकराव्या कॉलमपर्यंत. बारावा कॉलम फक्त पीबीएसचा. चार रांगा. अकराव्यातून शेवटचे १०० मायक्रोलिटर काढून टाकायचे असतात, आणि हे विसरले जाते. मग त्या एका वेलमध्ये दुप्पट द्रव राहतो आणि मालिकेचे शेपूट उगाच वर उचललेले दिसते.

पहिल्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमध्ये १ नॅनोमोल, म्हणजे ६.०२ गुणिले १०चा १४वा घात इतके रेणू. पुढे दर कॉलमला निम्मे. हे वाचन कल्चर ज्या सेटिंगवर वाचायचे त्याच सेटिंगवर घ्यायचे, आणि कल्चरही १०० मायक्रोलिटरच ठेवायचे. इथे तडजोड चालत नाही. फ्लुओरेसीन गेन ६०वर वाचले आणि कल्चर ९०वर, तर त्या मालिकेचा काहीही उपयोग नाही. फ्लुओरेसीन १०० मायक्रोलिटर आणि कल्चर २०० मायक्रोलिटर, तरीही नाही.

मालिकेचा आलेख दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन काढा आणि नीट पाहा. बिघाड कुठे आहे हे तो बऱ्यापैकी स्पष्ट सांगतो.

वरचे टोक सपाट झाले असेल तर डिटेक्टर भरून गेला. ते बिंदू सोडा, आणि तुमच्या कल्चरचे वाचन त्याच पट्ट्यात येत असेल तर गेन कमी करून पुन्हा सगळे घ्या. खालचे टोक सपाट असेल तर सिग्नल ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना नसलेल्या वेलच्या वाचनात, बुडाला. तेही बिंदू सोडा. कमकुवत प्रमोटरचे वाचन त्या खालच्या पट्ट्यात पडत असेल तर त्या प्रमोटरबद्दल "खूप कमी" यापेक्षा जास्त काही सांगता येत नाही, आणि तसे लिहिण्यात काही कमीपणा नाही.

एका रांगेत मधेच पायरी पडून तिथून पुढचे सगळे बिंदू सारख्याच अंतराने सरकले असतील तर त्या एका ठिकाणी पिपेटिंग चुकले. चारपैकी ती रांग गाळा. चारही रांगा एकाच कॉलमपासून सरकल्या असतील तर मल्टिचॅनेल पिपेटचे टिप नीट बसले होते का ते पाहा.

सर्वांत फसवा प्रकार वेगळा आहे. मालिका अगदी सरळ, सुंदर, चारही रांगा एकमेकींवर, पण समोरच्या लॅबच्या तुलनेत अंतिम उत्तर नेहमी एकाच पटीने चुकते. याची कारणे स्टॉकमध्ये, म्हणजे फ्लुओरेसीनच्या मूळ द्रावणात, असतात. फ्लुओरेसीनचा उजेड पीएचवर फार अवलंबून आहे. त्याचा पीकेए ६.४च्या आसपास आहे, म्हणजे द्रावण त्याहून आम्ल झाले की उजेड बराच घटतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उभे राहिलेले डिस्टिल्ड वॉटर त्याहून आम्ल असू शकते. पीबीएस संपले म्हणून कुणी पाण्यात मालिका केली, तर रेणू तेवढेच पण उजेड कितीतरी कमी. दुसरे कारण वजनाचे. फ्लुओरेसीनचा रेणुभार ३३२.३ आहे, त्याच्या सोडियम क्षाराचा ३७६.३. बाटलीत क्षार आणि हिशेबात ३३२, तर द्रावण सुमारे १२ टक्के पातळ बनते. फ्लुओरेसीन म्हणून एफआयटीसी हे त्याचे बदललेले रूप वापरले असेल तर त्याचा रेणुभार आणखी वेगळा, ३८९.४. म्हणून "फ्लुओरेसीन वापरले" एवढे लिहून भागत नाही. कोणते रूप, कोणता बफर, कोणता लॉट हे फाइलमध्ये हवे. तिसरे कारण प्रकाश. स्टॉक ट्यूब अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. चौथे, न विरघळलेले कण. ट्यूब उजेडासमोर धरून पाहिली तर ते दिसतात.

ओडी

ओडी ६००मध्ये पेशी प्रकाश शोषत नाहीत, विखुरतात. विखुरलेल्यापैकी किती प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचतो हे यंत्राच्या रचनेवर ठरते. म्हणून क्युव्हेटच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचे ०.५ आणि प्लेट रीडरवरचे ०.५ यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटरची खोलीही एक सेंटिमीटरपेक्षा खूप कमी असते.

इथे एक सेटिंग हमखास घोळ घालते: पाथलेंथ करेक्शन. रीडर ९०० आणि ९७७ नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचे शोषण पाहून द्रवाची खोली काढतो आणि ओडी एक सेंटिमीटरला जुळवून देतो. स्वच्छ डीएनए द्रावणासाठी ठीक. पण पेशी आणि बीड्स त्या तरंगलांबींवरही प्रकाश विखुरतात, त्यामुळे काढलेली खोलीच चुकते. ते बंद करा. एका लॅबमध्ये चालू आणि दुसरीत बंद असेल तर कितीतरी पट फरक तिथेच मिळतो. काही यंत्रांवर ते आपोआप चालू असते आणि हेडरच्या, म्हणजे फाइलच्या वरच्या माहितीच्या, एका ओळीत उल्लेख असतो, म्हणूनही हेडर उडवू नका.

कॅलिब्रेशनसाठी साधारण एक मायक्रोमीटर व्यासाचे सिलिकाचे बीड्स घ्यायचे आणि फ्लुओरेसीनसारखीच निम्म्या-निम्म्याची मालिका करायची. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात २४४ प्रयोगशाळांनी ओडी कॅलिब्रेशनच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या: ल्युडॉक्स हे कोलॉइडल सिलिका, प्लेटवर कॉलनी मोजणे, आणि बीड्सची मालिका. शिफारस बीड्सची झाली. त्यात ९५.५ टक्के बिंदूंचा अपेक्षेपासूनचा फरक १.२ पटीहून कमी होता. ल्युडॉक्स एकाच बिंदूवर मोजतात, त्याने यंत्र कुठवर सरळ रेषेत वाचते हे कळत नाही. कॉलनी मोजण्यात डायल्युशन, पेशींचे पुंजके आणि माणसाचा हात, तिघांची अनिश्चितता एकत्र येते. कॉलनी मोजणे अनेकांना "खरे मोजमाप" वाटते, पण दोन लॅब जुळवायच्या असतील तर मी बीड्सच निवडेन.

बीड्सचा त्रास एवढाच की ते भराभर खाली बसतात. स्टॉक जोरात व्होर्टेक्स करून लगेच पिपेट करा, मालिकेत दर पायरीला वर-खाली करून ढवळा, आणि रीडरमध्ये ठेवण्याआधी प्रत्येक वेल पुन्हा ढवळा. बीड्सच्या मालिकेत वरचे बिंदू विस्कळीत आणि खालचे नीट दिसले तर जवळपास हेच कारण असते. ल्युडॉक्स वापरतच असाल तर ते फ्रीझरमध्ये गोठू देऊ नका, त्याचे कण एकमेकांना चिकटतात.

बीड ई. कोलायच्या पेशीच्या जवळपास प्रकाश विखुरतो, म्हणून "एक बीड म्हणजे एक पेशी" हे धरून चालता येते. यीस्टसाठी हे तसेच लावू नका, पेशीचा आकार वेगळा आहे. ताणाखाली लांबट झालेल्या ई. कोलायलाही नाही.

आता हिशेब, काल्पनिक आकड्यांवर. फ्लुओरेसीनच्या पाचव्या कॉलममध्ये पहिल्याच्या सोळाव्या हिश्श्याइतके, म्हणजे सुमारे ३७.६ लाख कोटी रेणू. ब्लँक वजा करून वाचन २,५०० आले, तर रीडरच्या एका युनिटला सुमारे १,५०० कोटी रेणू. कल्चरचे निव्वळ वाचन १,२००, म्हणजे १८ लाख कोटी. बीड्सवरून या रीडरवर ओडीच्या एका युनिटला २५ कोटी बीड्स, कल्चरची निव्वळ ओडी ०.४, म्हणजे १० कोटी पेशी. भागाकार: पेशीमागे १ लाख ८० हजार एमईएफएल.

हे उत्तर शक्य कोटीतले आहे का, हेही लगेच पाहा. ई. कोलायच्या एका पेशीत सगळी प्रथिने मिळून काही दशलक्ष रेणू असतात. एमईएफएल म्हणजे जीएफपीच्या रेणूंची नेमकी संख्या नव्हे, कारण जीएफपीचा आणि फ्लुओरेसीनचा उजेड सारखा नसतो. तरी पेशीमागे दहा कोटी असे उत्तर आले तर कुठेतरी शून्ये घसरली आहेत. बहुधा मायक्रो आणि नॅनोमध्ये, किंवा प्रति मिलिलिटर आणि प्रति वेलमध्ये. आयजेमच्या अभ्यासांत एमईएफएल प्रति पेशीचा असाच फायदा झाला: एककामुळे अशक्य आकडे उघडे पडतात. आरएफयूमध्ये, म्हणजे रीडरच्या स्वैर एककात, अशक्य असे काही नसतेच, म्हणून तिथे चूक लपून राहते.

वजाबाकी कशाची?

ओडीतून मीडियमचा, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या पोषक द्रवाचा, ब्लँक वजा करायचा. फ्लुओरेसन्समधून मात्र जीएफपी नसलेल्या त्याच स्ट्रेनच्या कल्चरचे (निगेटिव्ह कंट्रोलचे) वाचन, कारण पेशी आणि एलबी मीडियम दोन्ही स्वतःहून हिरवट चमकतात. एका लॅबने मीडियम वजा केले आणि दुसरीने निगेटिव्ह कंट्रोल, तर उजळ प्रमोटरवर फरक जाणवणार नाही, पण जे२३११७सारख्या कमकुवत प्रमोटरवर कित्येक पट फरक पडेल. "फक्त कमकुवत प्रमोटर जुळत नाहीत, बाकी ठीक" असे लक्षण दिसले की थेट इथे या.

निगेटिव्ह कंट्रोलची ओडी सॅम्पलच्या ओडीपासून फार वेगळी असेल तर आधी दोन्हींचे पेशीमागचे मूल्य काढा, मग वजा करा. आणि पेशीमागचे आकडे अनेक पटींत पसरलेले असल्याने सरासरी भूमितीय घ्या. एकाने साधी आणि दुसऱ्याने भूमितीय घेतली तर तोही एक फरक.

फाइलमध्येच बिघडलेले आकडे

इथपर्यंत सगळे बरोबर असूनही जुळत नसेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे करणारी फाइल) साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एक्सेलमध्ये नको. पुढच्या गोष्टी मी पुन्हा पुन्हा पाहतो.

भारतीय पद्धतीने स्वल्पविराम घातलेला आकडा, १,२०,०००, अवतरणचिन्हांशिवाय सीएसव्हीत गेला की तीन कॉलमांत फुटतो. पलीकडची स्क्रिप्ट पहिला १ उचलते. उलट काही युरोपीय लॅबकडून दशांशाला स्वल्पविराम येतो, ०,३५ असा. दोन्हींवर उपाय एकच: फाइलमधल्या आकड्यांत स्वल्पविराम नको, दशांशाला टिंबच.

वेलची नावे ए१ आणि ए०१ अशी दोन प्रकारे लिहिली जातात. शून्याविना लिहिली की अक्षरक्रमाने लावताना ए१नंतर ए१०, ए११, ए१२ आणि मग ए२ येते. सॅम्पलची यादी एका क्रमाने आणि वाचने दुसऱ्या क्रमाने चिकटवली की निम्मी प्लेट अदलाबदल होते, आणि आकडे इतके पटण्यासारखे दिसतात की कुणाला शंका येत नाही. दोन लॅबमध्ये काही सॅम्पल तंतोतंत जुळतात आणि काही अजिबात नाहीत, असे असेल तर हेच पाहा.

सॅम्पलचे नाव "२ई५" असेल तर एक्सेल त्याला दोन लाख समजते. जनुकांची नावे तारखा बनण्याचा त्रास तर एवढा वाढला की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये काही नावेच बदलली. तारीखही तशीच: ०५/०८ आपल्याकडे ५ ऑगस्ट, अमेरिकेत ८ मे. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा.

मायक्रोच्या चिन्हाचे युनिकोडमध्ये दोन अवतार आहेत, एक खास मायक्रोचा आणि एक ग्रीक अक्षर म्यू. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. एककाच्या कॉलमवर दोन फाइली जोडताना निम्म्या ओळी गायब झाल्या तर कारण बहुधा हेच. एककाचे नाव अक्षरी लिहिले की प्रश्न मिटतो.

आणि सर्वांत घातक: वेलचा उजेड मोजण्याच्या पट्ट्यापलीकडे गेला (ओव्हरफ्लो) की काही रीडर आकड्याऐवजी शब्द लिहितात. स्क्रिप्ट त्याला रिकामी जागा समजून वगळते आणि उरलेल्यांची सरासरी काढते. म्हणजे तुमचे सर्वांत उजळ सॅम्पल गुपचूप फिके होते. अशा वेलवर "मोजण्याच्या पट्ट्याबाहेर" अशी नोंद स्वतंत्र कॉलममध्ये हवी.

फ्लो सायटोमेट्री

फ्लो सायटोमीटर एकेका पेशीची चमक वेगळी मोजतो. इथे परिस्थिती बरी आहे, कारण त्याच्या डेटाचा एफसीएस फॉरमॅट १९८४पासून आहे आणि डिटेक्टरचे व्होल्टेज वगैरे त्याच फाइलमध्ये बसते. बिघाड होतो तो लोक सॉफ्टवेअरमधून फक्त मध्यक काढून सीएसव्ही पाठवतात तेव्हा. मूळ एफसीएस पाठवा, त्याच दिवशी त्याच व्होल्टेजवर चालवलेल्या कॅलिब्रेशन बीड्सची फाइल पाठवा, आणि बीड्सचा लॉट क्रमांक लिहा. प्रत्येक शिखराचे एमईएफएल मूल्य लॉटप्रमाणे बदलते. काय काय नोंदवावे याची मिफ्लोसाइट ही किमान यादी २००८ची आहे, ती अजूनही चांगली कामाची आहे.

दोन्ही यंत्रे कॅलिब्रेट केलेली असतील तर एकमेकांवर तपासताही येतात. वर सांगितलेल्या २४४ लॅबच्या अभ्यासात प्लेट रीडर आणि फ्लो सायटोमीटर यांच्या पेशीमागच्या मूल्यांत सरासरी फरक फक्त १.०७ पट होता. तुमच्याच लॅबमध्ये या दोन यंत्रांत पाचपट फरक असेल तर दुसऱ्या लॅबकडे बोट दाखवण्याआधी तो मिटवा.

मोजले काय, हेही एक नाव नसते

"जे२३१०१ खाली जीएफपी" या वर्णनात राइबोसोम बाइंडिंग साइट (प्रथिन किती बनेल हे ठरवणारा तुकडा) कोणती, टर्मिनेटर (जनुकाचे वाचन थांबवणारा तुकडा) कोणता, प्लास्मिड जास्त प्रतींचे की कमी प्रतींचे, मधले जोड कोणते, काहीच येत नाही. बी००३४ आणि बी००३२ या दोन बाइंडिंग साइटमधल्या फरकाने किंवा पीएसबी१सी३ या जास्त प्रतींच्या प्लास्मिडऐवजी कमी प्रतींचा बॅकबोन घेतल्याने आकडा सहज कित्येक पट हलतो. पूर्ण सिक्वेन्स जोडा.

इथे एसबीओएल हे जैविक डिझाइन नोंदवण्याचे मानक कामाला येते. २०११मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. आज तिसरी आहे. त्यात प्लेटचे सगळे आकडे कोंबायचे नसतात. त्याचे काम दुवा जोडण्याचे: हा डिझाइन, तो प्रत्यक्षात बनवलेला हा नमुना, त्यावर केलेला हा प्रयोग, आणि त्याची डेटाफाइल इथे. डिझाइन आणि बनवलेला नमुना यांच्या वेगळ्या नोंदी हे मला त्यातले सर्वांत उपयोगी वाटते. कागदावरचा सिक्वेन्स आणि ट्यूबमधला सिक्वेन्स यांत एका बेसचा फरक निघाला तर तो लिहायला जागा असते, आणि नमुन्याच्या सिक्वेन्सिंगची फाइल तिथेच जोडता येते. लॅबमध्ये एसबीओएल वापरणारे कुणी नसेल तर निदान प्रत्येक सॅम्पलच्या ओळीत पूर्ण प्लास्मिडच्या जेनबँक फाइलचे (सिक्वेन्सच्या फाइलचे) नाव आणि स्ट्रेन लिहा. सुरुवातीला तेवढेही पुरते.

आता जीवाणू

वरचे सगळे जुळले आणि तरीही तिपटीचा फरक उरला, तर तो खरा जीवशास्त्रीय फरक आहे, आणि आता त्याच्यामागे लागण्यात अर्थ आहे. वाढीची अवस्था पाहा. एकाने सहा तासांनी मोजले आणि दुसऱ्याने रात्रभर वाढवून, तर तुलना होत नाही. जीएफपी परिपक्व व्हायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे भरगच्च भरलेली ट्यूब आणि मोकळा फ्लास्क यांत फरक येतो. अँटिबायोटिक जुने असेल तर प्लास्मिड गळते. फ्लो सायटोमेट्रीत मग एका टेकडीच्या जागी दोन दिसतात, प्लेट रीडरवर फक्त सरासरी खाली येते. ३७ अंशांवर तासन्‌तास चालणाऱ्या प्लेटमध्ये कडेच्या वेल सुकतात, तिथे सॅम्पल ठेवू नका.

जुन्या डेटाचे काय?

कॅलिब्रेशनशिवाय घेतलेला डेटा बहुतेक लॅबमध्ये ढिगाने आहे. आज त्याच रीडरवर फ्लुओरेसीन वाचून त्या उताराने जुने आकडे बदलू नका. दिवा म्हातारा झालेला असतो, मधे सर्व्हिसिंग झालेले असते. त्याच प्लेटवर, त्याच वाचनात जे२३१०१चे कल्चर असेल तर त्याच्या पटीत मूल्ये द्या आणि तसे स्पष्ट लिहा. तेही नसेल तर मूळ एक्सपोर्ट हेडरसकट जपा, एककाच्या कॉलममध्ये "यंत्राचे स्वैर एकक, कॅलिब्रेशन नाही" असे लिहा आणि गेनचा आकडा त्याच ओळीत ठेवा. त्या एका प्लेटवरच्या सॅम्पलची आपापसांतली तुलना त्यातून अजूनही करता येते. दुसऱ्या लॅबच्या आकड्यांशी करायची असेल तर ती सॅम्पल ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून ठेवलेल्या जीवाणूंमधून) काढून फ्लुओरेसीन आणि बीड्ससह पुन्हा मोजा.